मशीनवरचे चार तास आणि ‘देव बरें करूं’

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे फोंड्याहून निघायचं, वजनकाट्यावर उभं राहायचं, मग डाव्या हातात दोन जाड सुया आणि चार तास डायलिसिस. दोन वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, मैत्रीभावना करून बघ, म्हणजे एकेका माणसाचं मनापासून भलं चिंतायचं बौद्ध ध्यान. आमच्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथांतला बुद्ध मराठीत आणला, त्यामुळे शब्द कानावरून गेलेला होता. करायचं कसं, ते मात्र खाटेवरच शिकले. किडनी यानं सुधारत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जुनी रीत अशी: आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आदराच्या नि जिव्हाळ्याच्या माणसाचं, मग ना मित्र ना वैरी अशा कुणाचं, शेवटी ज्याच्यावर राग आहे त्याचं. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथात हाच क्रम आहे. मी पहिल्याच पायरीवर अडकले. ‘मी सुखी होवो’ म्हटलं की आतून उत्तर यायचं, कशी होणार बाई, कालपासून पाणी मोजून पितेयस. ज्या देहावर चिडलोय त्यालाच आशीर्वाद देणं खोटं वाटतं. तुमचंही असं होत असेल तर स्वतःला खुशाल शेवटी ठेवा.

सुयांचा हात हलवायचा नसतो, तेव्हा मुद्रा-बिद्रा विसरा. श्वासही मोजू नका. अंगात पाणी साठलेलं असताना श्वासाकडे लक्ष गेलं की माझा जीव उलट घाबरतो. माझी घंटा म्हणजे उजव्या दंडावरचा बीपीचा पट्टा. अर्ध्या तासानं तो आपोआप फुगतो. आवळला की एक माणूस आठवायचा, सैल पडला की सोडून द्यायचा. मिनिटभराचं काम.

शब्दांचं सांगते. ‘सर्व प्राणिमात्र’ वगैरे माझ्या गळ्याखाली उतरेना. आमचं लिहिणं-वाचणं मराठीत, पण घरात बोलणं कोंकणी. आई नुस्तेकान्नीपासून (मासेवालीपासून) भटजीपर्यंत सगळ्यांना म्हणायची, “देव बरें करूं.” गोव्यात आभार मानतात ते असेच, तुझं भलं होवो म्हणून. मग वेगळा मंत्र कशाला शोधायचा?

पहिली माझी नात, तिथे कष्टच नाहीत. दुसरा पोदेर, म्हणजे आमचा पाववाला. रोज सकाळी त्याचा भोंपू वाजतो, मी उंडे घेते, आणि खाटेवर पडून आठवायला गेले तर चेहराच येईना! टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला सारणारा हात तेवढा आला. त्या हातालाच म्हटलं, देव बरें करूं. चालतं.

तिसरी माझी जाऊ. “कुळदेवतेचं काहीतरी राहिलं असणार तुझं,” असं ती माझ्या उशाशी उभी राहून म्हणाली होती. तिच्या सुखाची इच्छा करताना दात आवळले जायचे. मग इच्छाच लहान केली: देवळाच्या पायऱ्या चढताना आज तिचे गुडघे दुखू नयेत. एवढं मनापासून मागता येतं. ज्या दिवशी तेही येत नाही, त्या दिवशी मी पोदेरापाशीच थांबते.

शेवटच्या तासाला पोटरीत गोळा येतो, कधी बीपी उतरून डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा ध्यान नाही, नर्सला हाक. मी एकदा सोसून दाखवलं आणि सगळी खोली माझ्याभोवती गोळा झाली.

घरी करायचं तर तहानेच्या वेळी. मे महिन्यात परसातला माड समोर दिसतो आणि शहाळं पोटॅशियममुळे वर्ज्य. मी बर्फाचा एक लहान तुकडा तोंडात धरते (तोही दिवसाच्या पाण्यात मोजायचा) आणि तो विरघळेपर्यंत शेजारच्या खाटेवरचा माणूस आठवते. त्याचीही तहान तीच.

आणि स्वतः? सुया काढल्यावर कापूस दाबून धरावा लागतो, दहाएक मिनिटं. स्वतःचाच हात स्वतःच्या हातानं धरलेला असतो. रक्त थांबलं की फिस्तुलावर (डायलिसिससाठी शीर धमनीला जोडतात ती जागा) हलकं बोट ठेवायचं, खाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. लागली म्हणजे चालू आहे. तिला मी म्हणते, देव बरें करूं, आणि चपला शोधायला लागते.