केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात शुका आणि मण्यांचे दागिने घेताना

आधी स्वतःचे कपडे. गडद निळा आणि काळा रंग घरीच ठेवा. चावरी त्सेत्से माशी या रंगांवर धावते. तिचे सापळेसुद्धा याच कापडांचे करतात. मिलिटरी छापाचे कपडे केनियात सामान्य माणसाला बेकायदा आहेत, तेव्हा मुलांची तसली कार्गोही नको. खाकी, बदामी चालेल. पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते, त्यासाठी तिथेच शुका घ्या.

शुका म्हणजे तिथल्या मसाई पशुपालकांचं चौकडीचं, बहुधा लाल पांघरूण. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून बघा. लाल झाला तर पहिल्या धुण्यात बाकीचे कपडे गेलेच म्हणून समजा. ॲक्रिलिकचा शुका उबदार असतो, पण शेकोटीची ठिणगी पडली की वितळून भोक पडतं. सुती कापड तसं वितळत नाही.

दागिन्याला मात्र वेळ द्या. काचेचा मणी गालाला गार लागतो. प्लास्टिकचा हलका असतो. रुंद, चकतीसारख्या गळ्यातल्यात मणी तारेत ओवतात आणि ओळी सरळ राहाव्यात म्हणून मध्ये पट्ट्या घालतात. ते उलटं करून बोट फिरवा. तारेचं टोक आत वळवलेलं हवं, नाहीतर ओढणी अडकते आणि सगळी ओळ सुटते. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे दूध, हे कोणीही सांगेल; हातातल्या नक्षीचा अर्थ ओवणारीलाच विचारा.

ती भेटते वस्तीवर. मारा नॉर्थ, नाबोइशो अशा कॉन्झर्व्हन्सींत, म्हणजे अभयारण्याजवळच्या राखीव रानांत, जमीन मसाई कुटुंबांची असते आणि कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. कॅम्पला आधी कळवा. वस्तीच्या शुल्कात नाच आणि फोटो धरलेत का, ते गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरवा. आत गेल्यावर वाद होतो तो यावरूनच. दागिन्याचे पैसे त्या बाईच्याच हातात द्या, सुटे शिलिंग जवळ ठेवा. घासाघीस जमेल तेवढी करा, पण एकदा भाव ठरला की वस्तू घ्यायचीच. निघताना ‘आशे ओलेंग’ म्हणा, मसाई भाषेत म्हणजे खूप आभार.

हस्तिदंत, दात, नखं, पिसं यांना हातही लावू नका, कितीही जुनी म्हणून सांगितली तरी.

माराला ये-जा करणाऱ्या छोट्या विमानात साधारण 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. गळ्यातलं दुमडू नका, तार एकदा मोडली की पूर्ववत होत नाही. शुक्याच्या घडीत सपाट ठेवा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून बंदी आहे, म्हणून घरूनच एक कापडी पिशवी न्या.