वायफाय ड्रायव्हरमध्ये स्कॅन लिहिताना: सुरू करणं सोपं, संपवणं अवघड

लिनक्ससाठी फुलमॅक ड्रायव्हर लिहिताय, म्हणजे स्कॅनचं खरं काम चिपचं फर्मवेअर करणार आणि तुम्ही फक्त मधला निरोप्या, असं धरून लिहितोय.

आधी विफी (wiphy, म्हणजे कर्नलमधली तुमच्या वायफाय चिपची नोंद) रजिस्टर करताना मॅक्स स्कॅन एसएसआयडी (एका स्कॅनमध्ये जास्तीत जास्त किती नेटवर्क-नावं) आणि मॅक्स स्कॅन आयई लेन्थ (फ्रेममध्ये जोडायच्या आयई, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची कमाल लांबी) नीट भरा, कारण सीएफजी८०२११, म्हणजे कर्नलचा वायफाय थर, त्यावरूनच ठरवतं की वरून आलेली रिक्वेस्ट तुमच्यापर्यंत सोडायची की नाही. मग स्कॅन कॉलबॅक, म्हणजे स्कॅन हवा असला की सीएफजी८०२११ तुमच्या ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतं ते. त्यात चॅनलची यादी येते, एसएसआयडींची यादी येते, प्रोबमध्ये, म्हणजे ‘इथे कोणतं नेटवर्क आहे?’ असं विचारणाऱ्या फ्रेममध्ये, घालायचे जास्तीचे आयई येतात. एसएसआयडी एकही नसेल तर पॅसिव्ह स्कॅन, नुसतं ऐकायचं. एक आहे पण लांबी शून्य, तर वाइल्डकार्ड प्रोब, म्हणजे कुठल्याही नेटवर्कने उत्तर द्यावं असा. या दोन्हींत गल्लत करू नका, मी केली होती आणि दोन दिवस गेले. चॅनलवर नो-आयआर (आपणहून प्रक्षेपण सुरू करायचं नाही असा) फ्लॅग असेल तर तिथे प्रोब पाठवायचाच नाही, हा नियमाचा भाग आहे, सोय म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तिथे बीकनची (एपी, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, आपली ओळख सांगायला ठरावीक वेळाने जी फ्रेम टाकतो तिची) वाट बघा, बहुतेक एपी १०० टीयूला (वायफायचं वेळेचं एकक) म्हणजे १०२.४ मिलिसेकंदाला एक बीकन टाकतात, त्यामुळे त्याहून कमी थांबलात तर नेटवर्क सुटणारच.

रिझल्ट आला की इन्फॉर्म बीएसएस फ्रेम हे फंक्शन वापरून वर कळवा; बीएसएस म्हणजे सापडलेल्या एका एपीचं नेटवर्क. सिग्नल टाइप एमबीएम (डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककाचा, शंभरावा भाग) सांगितला असेल तर किंमत डीबीएमच्या १०० पट द्यायची, –६० असेल तर –६०००. आणि हे फंक्शन जो बीएसएस पॉइंटर परत देतं त्याचा रेफरन्स तुमच्याकडे असतो, पुट बीएसएस करून तो सोडला नाही तर प्रत्येक स्कॅनला मेमरी लीक.

आता मुख्य मुद्दा. कॉलबॅकने शून्य परत दिलं की ती रिक्वेस्ट तुमची जबाबदारी, आणि तिच्यासाठी स्कॅन-डन, म्हणजे ‘स्कॅन संपला’ असं सीएफजी८०२११ला कळवणारं फंक्शन, एकदाच, पण नक्की एकदा, बोलावलं गेलंच पाहिजे. विसरलात तर पुढचा प्रत्येक स्कॅन बिझी म्हणून परत येतो आणि युजरला वाटतं वायफायच मेलं. दोनदा बोलावलंत तर रिक्वेस्ट आधीच फ्री झालेली असू शकते, मग कर्नल वॉर्निंग किंवा त्याहून वाईट. कॉलबॅकमधूनच एरर परत दिलीत तर मात्र स्कॅन-डन बोलवायचं नाही.

हे गडबडतं कुठे, तर फर्मवेअर गप्प बसतं म्हणून तुम्ही टाइमर लावता, आणि टाइमर सुटतो त्याच क्षणी फर्मवेअरचा कम्प्लिशन इव्हेंट येतो. म्हणून रिक्वेस्टचा पॉइंटर एकाच ठिकाणी ठेवा, लॉकखाली काढून घ्या, जागी नल टाका, आणि ज्याच्या हाती खरा पॉइंटर लागला त्यानेच स्कॅन-डन करायचं. इंटरफेस डाउन होताना, फर्मवेअर क्रॅश झाल्यावर आणि अबॉर्ट स्कॅनमध्येही हाच एक हेल्पर वापरा, फक्त अबॉर्टेड ट्रू करून. वेगवेगळ्या जागी वेगवेगळा कोड लिहिलात की एक वाट हमखास राहून जाते.

टेस्ट करताना एका टर्मिनलमध्ये आयडब्ल्यू इव्हेंट (iw event, वायफायच्या घडामोडी दाखवणारी कमांड) चालू ठेवा, दुसऱ्यात लूपमध्ये स्कॅन मारा आणि मध्येच इंटरफेस डाउन-अप करत राहा. प्रत्येक स्कॅन स्टार्टेडला एक फिनिश्ड किंवा एक अबॉर्टेड दिसला पाहिजे, आणि डीमेसेज (dmesg, कर्नलचा लॉग) स्वच्छ हवा.