नवीन फिश टँक घेतलाय? मासे महिन्यानं आणा की

दुकानात टँक, खडी, मोटर आणि पिशवीत आठ-दहा मासे असा सगळा सेट एकदमच हातात देतात, आपण पण त्याच संध्याकाळी पाणी भरून मासे सोडून मोकळे होतो. मग आठवड्याभरात एकेक मासा वर येऊन तोंड उघडझाप करालाय, एखादा तळाला पडून राहालाय असं सुरू झालं की सगळे म्हणतात आमच्या बेळगावचं पाणीच माशाला चालत नाही. चालतंय हो. ते अजून कच्चं असतंय एवढंच.

काय होतंय बघा, माशाच्या कल्ल्यातून, घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतोय आणि तो माशाला विष. एक जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे थोडं असलं तर मासे सोसतात. हे बॅक्टेरिया नुसत्या पाण्यात कमी, फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जास्त राहतात आणि त्यांची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. यालाच टँक सायकल करणं म्हणतात.

आता सुरुवातीपासून. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी मावतंय, म्हणजे काच-खडी धरून 65-70 किलोच्या पुढं वजन जातंय, तेव्हा हलणारं टेबल नको, खाली सपाट थर्माकोल घाला. खिडकीच्या उन्हात ठेवलात तर शेवाळ काढत बसाल. आत काही मांडायच्या आधी गॅलरीत पाणी भरून दोन दिवस गळती बघा. धुताना साबण, भांड्याचं लिक्विड काही नको, मिठानं घासा आणि भरपूर पाण्यानं खळबळून टाका.

वाळू-खडी पाणी नितळ होईपर्यंत धुवायची, यात अर्धा दिवस जातोय, जाऊ दे. बांधकामाची एम-सँड नको, टोकदार असते आणि धूळ संपत नाही. दगड घालताना एक बघा, आपल्याकडं घराघरात शहाबादी फरशीचे तुकडे पडलेले असतात, दिसायला झकास, खरं तो चुनखडीचा दगड, पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड, म्हणजे जास्त क्षाराचं, करतोय. संगमरवराचं पण तेच. दगडावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा थेंब टाका, फसफसलं तर तो दगड बाहेर (हातमोजे घाला, आणि चाचणी केलेला तुकडा परत टँकात नको). माशांना लपायला खानापूर बाजूची बिनरंगाची मातीची छोटी कुंडी आडवी ठेवली तर दुकानातल्या प्लॅस्टिकच्या किल्ल्यापेक्षा शंभरपट बरी दिसते.

पाणी. शहरात राकसकोप नाहीतर हिडकलचं पाणी येतंय, क्लोरीन मारलेलं. क्लोरीन माशालाही वाईट आणि आपण ज्यांना पोसणार त्या बॅक्टेरियांना तर मारायलाच घातलेला असतोय. उघड्या बादलीत 24 तास ठेवा, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावून बुडबुडे काढायचा दगड) सोडला तर अजून लवकर जातोय, नाहीतर दुकानातलं अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापानं घाला. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतंय, खरं हवा कमी असते, म्हणून ते पण दिवसभर एअर पंप लावून ठेवा. भांड्यावर पांढरा थर बसवणारं जड पाणी असलं तर गप्पी, मॉली, प्लॅटी घ्या, त्यांना ते मानवतंय, उगीच निऑन टेट्राच्या मागं लागू नका. नुसतं आरओचं पाणी घालायचं नाही, त्यात क्षारच नसतात.

मग फिल्टर चालू करा आणि बंद करू नका, रात्री पण नाही, आवाज येतोय म्हणून पण नाही. करंट जास्त वेळ गेला तर स्पंजमधले बॅक्टेरिया हवेविना मरतात, म्हणून इन्व्हर्टरवर घ्या नाहीतर बॅटरीचा एअर पंप ठेवा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर करंट गेला की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून फरशीवर. वायरी पिनच्या खाली लोंबत ठेवा म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

आता मासे नाहीत तर बॅक्टेरियांना खायला काय? रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाका, ते कुजून अमोनिया होतोय. मोजून करायचं असलं तर शुद्ध अमोनियम क्लोराइड, 50 लिटरला साधारण 0.3 ग्रॅम, म्हणजे अमोनिया 2 पीपीएमच्या (लिटरमागं 2 मिलिग्रॅम) आसपास येतोय. हेच नवसागर, खरं कल्हईवाल्याकडच्यात अजून काय मिसळलंय कोण सांगणार, तेव्हा ते नको. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कुणाचा तरी जुना, निरोगी टँक शोधा आणि त्याच्या फिल्टरचा स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा, विरजण लावल्यासारखं काम होतंय आणि आठवडे वाचतात. वाळवायचा नाही, नळाखाली धुवायचा नाही.

दोन-तीन दिवसांनी पाणी दुधाळ होईल. घाबरून ओतून टाकू नका, आपोआप निवळतंय. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी म्हणजे बॅक्टेरिया पण झोपालेत असंच, सगळं लांबतंय, तेव्हा 50 वॅटचा हीटर लावून पाणी 26-27 डिग्रीला ठेवा.

टेस्ट किट घ्याच, पट्टीपेक्षा थेंबांचं बरं. आधी अमोनिया चढतोय, मग तो उतरून नायट्राइट चढतंय, मग ते उतरून नायट्रेट दिसायला लागतंय. ज्या दिवशी अमोनिया घातल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील त्या दिवशी टँक तयार. खाणं टाकून करत असाल तर टाकत राहून सलग आठवडाभर दोन्ही शून्य बघा. अर्धं पाणी बदला, बदललेलं पाणी पण क्लोरीन काढलेलंच हवं, आणि चार-पाच गप्पी आणा, एकदम पंधरा नको. पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग टँकचं थोडं थोडं पाणी पिशवीत घालत जा, शेवटी मासे जाळीनं उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पुढचे मासे दोन-तीन आठवड्यांनी, परत टेस्ट करून.