‘नेहमीचाच आहे’ असं कुणी म्हटलं की सावध व्हा: ॲम्ब्युलन्सवर नव्याने येणाऱ्यांसाठी

एअरवे, सीपीआर, ऑक्सिजन, स्प्लिंट हे सगळं तुम्ही कोर्समध्ये घोटून आलेले आहात, त्यामुळे ते इथे परत सांगत नाही. मला लिहायचंय ते अशा पेशंटबद्दल, ज्यांना आपली तक्रार धड मांडता येत नाही, किंवा मांडली तरी कुणी मनावर घेत नाही. एकटे राहणारे म्हातारे, स्मृतिभ्रंश झालेली माणसं, लहान मुलं, बौद्धिक अपंगत्व असलेले, रस्त्यावर झोपणारे, व्यसनात अडकलेले, घरातच मार खाणारे. नवीन माणसाला वाटतं असे कॉल अधूनमधून येतील. तसं नाहीये. मोठे अपघात कमी, हेच जास्त.

यातला मुख्य सापळा असा. तुम्ही पोहोचायच्या आत पेशंटवर शिक्का बसलेला असतो. फोन करणारा म्हणतो, “पिऊन पडलाय.” वृद्धाश्रमातली बाई सांगते, “आजी अशाच बडबडतात.” तुमचाच पार्टनर गाडीतून उतरताना म्हणतो, “अरे, हा नेहमीचाच आहे.” ही तिन्ही वाक्यं शंभर टक्के खरी असतील, तरी पेशंट मरणाच्या दारात असू शकतो. मीही सुरुवातीला यात अडकले होते, आणि अडकतोय हे लवकर लक्षात येत नाही. कारण बहुतेक वेळा शिक्का बरोबरच निघतो. हळूहळू हात सैल पडतो, तपासणी आखडते, आणि चुकीचा दिवस कुठला ते आधी कुणी सांगत नाही.

म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. तोंडाला दारूचा वास आहे, याचा अर्थ दारू प्यायली आहे, एवढाच. शुद्ध का कमी आहे याचं उत्तर त्यात नाही. शुगर कमी झालेला माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, घामाघूम होतो, अंगावर येतो. बघणाऱ्याला तो पिलेलाच वाटणार. त्यात दारूमुळे यकृताचं साखर तयार करण्याचं काम मंदावतं, म्हणजे पोटात अन्न नसलेल्या माणसात दोन्ही एकदम असू शकतात. वर्षानुवर्षं पिणारा माणूस सारखा पडतो, यकृत खराब असल्याने त्याचं रक्त लवकर गोठत नाही, आणि मेंदू आकसलेला असल्यामुळे आत रक्त साठलं तरी लक्षणं उशिरा दिसतात. स्ट्रोक, फिट येऊन गेल्यानंतरची गुंगी, थंडीने 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं शरीर, गोळ्यांचा ओव्हरडोस, हे सगळं त्याच वासाखाली लपतं.

तेव्हा बेशुद्ध, गोंधळलेल्या किंवा आक्रमक अशा प्रत्येक पेशंटची शुगर बघा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आली तर उपचार सुरू करा, पण तपासणी तिथे संपवू नका. डोळ्यांच्या बाहुल्या बघा. केस जटा झालेले असले तरी बोटं टाळूपर्यंत घाला, सगळं डोकं चाचपा आणि मग आपल्याच ग्लोव्हजकडे बघा, रक्त लागलंय का. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. न मोजता फॉर्मवर 16 लिहायची सवय या धंद्यात सर्रास आहे आणि मला तिची मनापासून चीड येते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तोच शिक्का वयाच्या नावाने बसतो. “आजी गोंधळलेल्या असतात का?” असं विचारलंत तर “हो” असंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: काल स्वतःच्या हाताने जेवल्या का? बाथरूमपर्यंत एकट्या जायच्या का? तुम्हाला नावाने हाक मारायच्या का? शेवटचं नीट बोलताना कुणी, कधी पाहिलं? स्मृतिभ्रंश महिनोन्महिने, वर्षानुवर्षं वाढत जातो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला, कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्याच्यामागे न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, नवीन सुरू झालेली गोळी, काहीही असू शकतं. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प होऊन पडून राहिलेला डिलिरियमचा पेशंट सुटतो.

आकडेही इथे दगा देतात. नेहमी 160 बीपी असणाऱ्या आजोबांचं 115 आलं तर ते ‘नॉर्मल’ नाही. पासष्टीच्या पुढच्या पेशंटला मार लागला असेल आणि वरचं बीपी 110 च्या खाली असेल, तर गंभीर समजूनच चला. बीटा ब्लॉकर (बीपीसाठी दिली जाणारी, नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर रक्त जात असूनही नाडी वाढत नाही. इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला छोटासा टोलाही हॉस्पिटलमध्ये दाखवायचा. आणि पडलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवायच्या आधी विचारा, किती वेळ जमिनीवर होता? तासापेक्षा जास्त असेल तर दबलेले स्नायू तुटून पोटॅशियम वाढणं, किडनीवर ताण येणं हा धोका धरूनच चला.

ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही, असं कुणी उघड म्हणत नाही, पण वागतात तसंच. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी ‘पेनॅड’ नावाची पद्धत आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होतो का, या पाचांना 0 ते 2 गुण, एकूण 10. सोपी आहे, शिकून घ्या. बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असेल तर सायरन आणि लुकलुकते दिवे बंद करा, एकानेच बोला, हात लावायच्या आधी सांगा. आणि आई किंवा सांभाळणारी व्यक्ती “आज काहीतरी वेगळं आहे” म्हणाली, तर ती खूण तुमच्या मॉनिटरइतकीच महत्त्वाची माना.

सिनियर कुणाला मानायचं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कॅन्युला (शिरेत घालायची नळी) एका फटक्यात लावतो म्हणून कुणाच्या मागे जाऊ नका. त्यात हात सगळ्यांचाच बसतो. गोंधळलेल्या म्हाताऱ्याशी बोलताना जो गुडघे टेकून खाली बसतो, त्याच्यासोबत ड्युटी मागून घ्या. आणि आपला पेशा कुठून आला तेही माहीत असू द्या. 1967 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला फ्रीडम हाउस ही ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या, बऱ्याचशा बेरोजगार लोकांना डॉ. पीटर साफर यांनी प्रशिक्षण दिलं. त्याआधी तिथे पेशंटला पोलिसांच्या गाडीत घालून न्यायचे. 1975 मध्ये शहराने ती सेवा बंद केली, पण त्या माणसांनी घालून दिलेल्या कामाच्या पद्धतीवर पुढचे पॅरामेडिक उभे राहिले.

घरातल्या मारहाणीचा संशय आला तर पेशंटशी एकटीशी बोला. ईसीजी काढायचाय म्हणून गाडीत घ्या आणि मग विचारा. नवऱ्याला किंवा मुलांना दुभाषी करू नका, आणि मारणाऱ्याला तिथेच जाब विचारू नका. त्याची किंमत तुम्ही गेल्यावर ती मोजते. गळा दाबला होता असं ती म्हणाली तर मानेवर वळ नसला तरी हॉस्पिटलमध्ये न्या. वळ बऱ्याचदा नसतोच. बसलेला आवाज, गिळताना त्रास, डोळ्यांत लाल ठिपके हे बघा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असेल तर स्ट्रोक काही दिवसांनीही येऊ शकतो. बाळांच्या बाबतीत, चार महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही काळंनिळं दिसलं, किंवा चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, धडावर असे डाग दिसले, तर कळवायचं. तुम्हाला काही सिद्ध करायचं नाहीये, हे ऐकून नवीन मुलांचा जीव भांड्यात पडतो. बघितलं ते आणि ऐकलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, नियमाप्रमाणे कळवा. तपास करणारे वेगळे आहेत.

पेशंट भांडायला लागला आणि धरावं लागलं तर पालथा दाबून ठेवू नका. कधीच नाही. श्वास कोंडून माणसं गेली आहेत.

आणि पेशंट यायला नाही म्हणाला तर? घाबरू नका, पण फॉर्मवर सही घेऊन सुटकाही करून घेऊ नका. सांगितलेलं त्याला समजतंय का, लक्षात राहतंय का, बरं-वाईट तोलता येतंय का आणि निर्णय सांगता येतोय का, हे चार बघा. चारही असतील तर तुम्हाला न पटणारा निर्णय घ्यायचाही त्याला हक्क आहे. मग कुठल्या लक्षणांवर लगेच बोलवायचं ते सांगा, कोण येऊन बघणार ते विचारा, जमलं तर त्या माणसाला स्वतः फोन लावा आणि हे सगळं लिहून ठेवा. त्याच पत्त्यावरून रात्री परत कॉल आला तर तपासणी पहिल्यापासून करा, शुगरसकट. संध्याकाळच्या आकड्यांवर विसंबू नका.