सफरचंद नुसतंच वाढतंय? फांद्या आडव्या करा

हौसेने परसात लावलेलं हरिमन-९९ या उष्ण हवेतही येणाऱ्या जातीचं सफरचंद तीन वर्षं माडासारखं नुसतं उंच जातंय, फुलाचा पत्ता नाही?

पाऊस ओसरला की पेन्सिलीएवढ्या जाड, लवणाऱ्या फांद्या निवडा. सुंभाने हळूहळू खाली ओढून खुंटीला बांधा. आमच्याकडे सगळा कातळ, खुंटी ठोकणार कुठे! मी जांभ्याचे तुकडे पिशवीत घालून लटकवले. तेच बरं, वजन कमीजास्त करता येतं. सुंभाखाली जुन्या लुंगीची पट्टी हवीच, नाहीतर साल कापते. दोनेक महिन्यांनी सोडून बघा. फांदी परत वर उसळली तर पुन्हा बांधा.

शेंडा मात्र आडव्यापेक्षा थोडा वरच राहू दे. फार वाकवलीत तर बाकावरच उभे धुमारे फुटतात, फुलं राहतात बाजूला.