आईच्या हाताला जोर किती? घरी तपासायची रीत

साठी-सत्तरीच्या बाईला ‘हाताला जोर आहे ना?’ असं विचारलं की ‘आहे की’ असंच उत्तर येतं. ते खोटं नसतं. जड कामं हळूहळू सुनेकडे गेलेली असतात. उरलेली जमतात, म्हणून ताकद शाबूत वाटते. तेव्हा मोघम विचारू नका, एकेका कामाचं नाव घेऊन विचारा.

आपल्या खानदेशात अशी कामं ढीगभर आहेत. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळणं, भरताची वांगी ठेचणं, मांडा हातावर फिरवून मोठा करणं, ओली चादर पिळणं, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडणं, भरलेली कळशी उचलणं. प्रत्येकापुढे लिहा: सहज जमतं, त्रासाने जमतं, की सोडून दिलं. सोडलेल्या कामाचं कारण जरूर विचारा, कारण खरी माहिती तिथेच मिळते. ‘जोर पुरत नाही’ आणि ‘दुखतं’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर बहुधा सांध्याची झीज असते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात शीर दबल्याची शंका घ्यावी. अशा हाताला चेंडू दाबायला लावू नका, त्रास वाढू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर काहीही तपासत न बसता १०८ ला फोन करा.

आता मोजमाप. फिजिओथेरपिस्टकडे पकड मोजायचं यंत्र असतं, डायनॅमोमीटर. खुर्चीत बसून कोपर काटकोनात, अंगाला टेकलेलं ठेवायचं. दांडा हाताच्या मापाने लावून घ्या. लहान हाताला तो लांब पडला तर आकडा उगाच कमी येतो. श्वास न रोखता जोरात दाबायचं, मध्ये मिनिटभर विसावा घेत दोन-तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. म्हातारपणी स्नायू झिजण्याचा अभ्यास करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार बाईची पकड १८ किलोच्या खाली असेल तर ती कमी.

यंत्र नसेल तर पाय तपासा, कारण पकड कमी होते तेव्हा बहुतेकदा पायांतलाही जोर उतरलेला असतो. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. बाज नको, ती झोळते. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, शेजारी कुणीतरी हवंच. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर त्याच निकषाने शरीराची कार्यक्षमता कमी समजावी.

मग काय करायचं? नुसता चेंडू दाबून अंगात ताकद येत नाही. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवसाआड. जेवणात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. ज्वारीत उडीद घातलेली कळण्याची भाकरी इथे नुसत्या ज्वारीपेक्षा सरस, सोबत वरण, दूध, चालत असतील तर अंडी. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तीच खुर्ची, तीच वेळ. कापूस वेचून आलेल्या संध्याकाळी मोजू नका. थकलेला हात आकडा खाली आणतो.