भाताच्या पाण्यातल्या काळ्या भुंग्यांवर औषध मारू नका

म्हातारा पाऊस लागला की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या खाचरांत मुगाच्या दाण्याएवढे काळे, चकचकीत भुंगे फिरू लागतात. रात्री ते गोठ्यातल्या दिव्यावरही येतात. त्याच सुमारास रोपे पिवळी पडली तर आळ यांच्यावर येतो. हे पाणभुंगे भाताला तोंड लावत नाहीत. मोठे भुंगे कुजका पाला व शेवाळ खातात, त्यांच्या अळ्या पाण्यातले बारीक जीव मारतात, त्यांत डासांच्या अळ्याही आल्या.

ओळखायला चहाच्या गाळणीने दोन-चार भुंगे पकडा आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटात सोडा. पाणभुंगा पाय आलटून-पालटून मारतो, पोटाखाली हवेचा चांदीसारखा थर चमकतो. पाठ फुगीर आणि लांबी ४-५ मिलिमीटर असेल तर तो बहुधा रेजिम्बार्टिया प्रजातीतला. भारी चिवट प्राणी! जपानमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बेडकाने गिळलेले यातले ९० टक्क्यांहून अधिक भुंगे सहा तासांच्या आत मागच्या वाटेने जिवंत बाहेर पडले.

औषधापुढे मात्र हा चिवटपणा चालत नाही. रॉकेलपुढेही नाही. भाताचे पान कातरून त्याच्या सुरळीत राहणाऱ्या अळीसाठी रॉकेलात भिजवलेली दोरी पिकावरून ओढायची जुनी रीत आहे. पाणभुंगा डोके वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावरून हवा घेतो, तिथे तेलाचा तवंग असला की गुदमरतो. दोरी कोरडीच ओढा, आधी उभी, मग आडवी. सुरळ्या पाण्यात पडल्या की मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावून पाणी सोडा, जाळीतल्या सुरळ्या नष्ट करा. खाचर २-३ दिवस निथळत ठेवले की उरलेल्या अळ्या मरतात. त्याआधी सखल कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डा काढा, पाणभुंगे तिथे तग धरतील.

खरा शत्रू काटेरी भुंगेरा. तो पाण्यात नव्हे, पानावर बसतो, अंगावर काटे असतात आणि पानावर पांढऱ्या समांतर रेघा ओढतो. लावणीआधी रोपांचे शेंडे छाटले तर त्याची अंडी जातात, पण कडा करपा येणाऱ्या शिवारात छाटू नका, जखमेतून रोग शिरतो. चुडाला, म्हणजे रोपांच्या एका ठोंबाला, एक-दोन भुंगेरे दिसू लागले तरच कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून फवारणी करा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक टाळा. त्याने तुडतुड्यांना खाणारे कोळी मरतात आणि पुढे तपकिरी तुडतुडा उसळतो.

बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याकाठी पूर ओसरल्यावर पाणभुंगे एकदम वाढले तर तळाशी काहीतरी कुजत असू शकते. चूड उपटून पाहा. मुळे काळी, घाण वास येणारी निघाली तर चर काढून पाणी उतरवा, पांढरी मुळे फुटेपर्यंत युरिया देऊ नका.